राधानगरीचे काजवे आणि लग्नाचं विचारणं

सुरुवातीलाच सांगते, विचारणारी मी होते, तो नव्हे. आमच्याकडं अजून बऱ्याच जणांना वाटतं की हे काम पोरानंच करायचं, पण आमच्या दोघांत बोलायला पुढं मी असते आणि तो सगळं नीट ऐकून घेऊन दोन दिवसांनी उत्तर देणारा माणूस आहे, त्यामुळं हे माझ्याकडंच येणार हे मला कधीचं माहीत होतं. मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते, तो शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. ओळख कॉलेजपासूनची. यंदा दोन्ही घरांत स्थळं यायला लागली, त्याच्या मावशीनं तर थेट फोटो आणि बायोडाटा व्हॉट्सॲपवर टाकला, तेव्हा म्हटलं आता पावसाच्या आत विचारायचंच. त्यात त्याची सुट्टी सोमवारी, माझी रविवारी, मार्च एंडला मला मान वर करायला सवड नसते, म्हणजे जे काय शोधायचं ते भर उन्हाळ्यात आणि फार लांब नसलेलं.

लोक म्हणतील एवढं काय शोधायचं, रंकाळा आहे की. रंकाळ्यावर माझी आत्या रोज संध्याकाळी फिरायला असते, आत्या नसली तर तिच्या भिशीतल्या बायका असतात. पन्हाळा आम्हाला दोघांना लई आवडतो, पण सज्जाकोठीवर सुट्टीच्या दिवशी उभं राहायला जागा नसते, आणि तिथं आम्ही इतक्या वेळा झुणका-भाकर खाऊन गप्पा मारल्यात की पन्हाळा म्हणजे रोजचंच वाटतं, मला त्या दिवसाला जरा वेगळं काहीतरी हवं होतं. गगनबावडा, आंबोली ही पावसातली ठिकाणं, मे महिन्यात धुकं कुठलं. तारकर्लीला मे मध्ये अख्खा महाराष्ट्र आलेला असतो आणि खोल्यांचे दर बघून फोन खाली ठेवावा लागतो.

मग रात्री जेवणं झाली की मोबाईलवर वाचायला लागले. प्रपोजसाठी कुठं जावं असं शोधलं की तीच ती नावं येतात, सँटोरिनी, पॅरिस, बाली, मालदीव, आपल्याकडचं उदयपूर. सगळीकडं सूर्यास्त आणि सगळीकडं तसलाच पांढरा ड्रेस. आम्हाला परवडणारं नव्हतंच, पण परवडलं असतं तरी नको वाटलं, कारण त्या फोटोंत जागा दिसते, अंगठी दिसते, पण ती दोन माणसं कोण आहेत, त्यांना काय आवडतं, ते काहीच कळत नाही. पण त्यातूनच कुठल्यातरी लिंकवरून मी जगभरच्या उन्हाळी सणांवर पोचले आणि तिथं मात्र अडकले ते अडकलेच, रोज रात्री एक वाजायला लागला.

स्वीडनमध्ये १९ ते २५ जूनच्या दरम्यान जो शुक्रवार येतो त्या दिवशी मिडसमर असतो. पानाफुलांनी सजवलेला उंच खांब उभा करतात, त्याच्याभोवती लहानथोर फेर धरून नाचतात, आणि लग्न न झालेल्या पोरी रात्री न बोलता सात तऱ्हेची फुलं गोळा करून उशाखाली ठेवतात, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात येतो. युक्रेन, बेलारूस, पोलंडकडं कुपालाची रात्र असते, त्यात जोडपी हातात हात धरून शेकोटीवरून उडी मारतात, हात सुटला नाही तर जोडी टिकणार म्हणतात, आणि पोरी फुलांचे मुकुट नदीत सोडतात. जपानमध्ये ७ जुलैला तानाबाता, आकाशगंगेच्या दोन काठांवर असलेली विणकर राजकन्या आणि गुराखी वर्षातून त्या एका रात्री भेटतात अशी गोष्ट, आणि लोक रंगीत चिठ्ठ्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधतात. ते दोन तारे म्हणजे आपल्याकडचे अभिजित आणि श्रवण! हे वाचल्यावर मी रात्री गच्चीवर जाऊन किती वेळ बघत बसले होते, आणि खरंच मध्यरात्रीनंतर पूर्वेला दोघं वर आलेले दिसले.

फिनलंडमध्ये सोंकाजार्वी नावाच्या गावात जुलैत बायको उचलून पळायची स्पर्धा असते, १९९२ पासून चालू आहे, २५३.५ मीटरची वाट, मध्ये पाणी आणि अडथळे, आणि जिंकणाऱ्याला बायकोच्या वजनाइतकी बिअर. हे त्याला पाठवलं तर त्याचं उत्तर आलं, "मग जेजुरीत काय करतात?" बरोबरच होतं त्याचं, जेजुरीला नवरा नव्या नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतोच की. तेव्हापासून मी आपल्याकडचे सण त्या नजरेनं बघायला लागले. शिखर शिंगणापूरला चैत्रात शंभू महादेव आणि पार्वतीचं लग्न लागतं, हळद लागते, कावडी खांद्यावर घेऊन माणसं मुंगी घाटाचा तो उभा चढ चढतात. तिकडं मदुराईत चैत्रातच मीनाक्षी आणि सुंदरेश्वराचं लग्न असतं, त्या दिवशी तिथल्या बायका आपल्या मंगळसूत्राचा दोरा बदलतात. म्हणजे उन्हाळा आला की देवांचीसुद्धा लग्नं लागतात, आणि आपण मात्र प्रपोज म्हटलं की फेब्रुवारीतला एक दिवस धरून बसलोय.

यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. या सगळ्या सणांत गर्दी असते, गाणी असतात, गाव जमलेलं असतं, पण दोघांमधलं जे काय असतं ते गर्दीच्या पलीकडं असतं. फुलं उशाखाली ठेवायची असतात, स्टेजवर नाही. आणि हे मला एवढं महत्त्वाचं का वाटलं त्यालाही कारण आहे. मागच्या वर्षी आम्ही ऑफिसातल्या मुली एका कॅफेत बसलो होतो, तिथं एका मुलानं अचानक माईक हातात घेतला, लाईट बंद झाले, सगळ्यांनी मोबाईल वर धरले आणि तो त्या मुलीसमोर गुडघ्यावर बसला. ती हो म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. पण तिचा चेहरा मी समोरून बघितला होता, ती आधी दाराकडं बघत होती आणि नंतर हसली. तिच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही, कदाचित ती खरंच खुश असेल. पण तिला 'थांब जरा' म्हणायची सोय कुणी ठेवली नव्हती एवढं नक्की. तेव्हाच मी ठरवलं की मी जिथं कुठं विचारीन तिथं त्याला नाही म्हणता आलं पाहिजे, विचार करतो म्हणता आलं पाहिजे, आणि मला त्याचा चेहरा नीट दिसला पाहिजे.

या तीन गोष्टी धरल्या की बरीच ठिकाणं आपोआप गळतात. चैत्र पौर्णिमेला आम्ही जोतिबाला गेलो होतो, दरवर्षीच जातो, त्याच्या गावची सासनकाठी, म्हणजे देवाची मानाची उंच काठी, येते. डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते, लाखांनी माणसं, गुलालानं आभाळ गुलाबी, हातात दवणा, चांगभलंच्या गजरात शेजारचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येत नाही. मैत्रिणीचं म्हणणं होतं की याच्यापेक्षा मोठा मुहूर्त कुठला, मी सांगते तुला, तिथंच विचारून मोकळी हो. मलाही क्षणभर वाटलं, कारण तो त्या दिवशी काठीला खांदा देऊन घामानं आणि गुलालानं माखून उभा होता आणि इतका आनंदात मी त्याला क्वचित बघितलंय. पण तो दिवस त्याचा आणि त्याच्या देवाचा होता, त्यात माझा प्रश्न घालायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्री अंबाबाईचा रथ निघतो, महाद्वार रोडवर रांगोळ्या, दिवे, आतषबाजी, तिथं तर दोन्हीकडचे निम्मे पाहुणे असतात.

गोव्याचा सांजाव पण मनात होता. २४ जूनला सेंट जॉनचा सण, पोरं डोक्यावर फुलापानांचा मुकुट घालून, ज्याला तिकडं कोपेल म्हणतात, गाणी म्हणत गल्लीगल्लीतून फिरतात आणि विहिरीत उड्या मारतात, शिवोलीला तर सजवलेल्या होड्या निघतात. मला सगळ्यात आवडलं ते हे की त्या दिवशी नव्या जावयाचा मान असतो, सासुरवाडीला बोलवून त्याचं कौतुक करतात. कोल्हापूरहून गोवा काही लांब नाही. पण एक तर २४ जूनपर्यंत थांबायला माझ्याकडं वेळ नव्हता, आणि दुसरं म्हणजे तो जावयाचा सण आहे, आधी जावई तर व्हायला पाहिजे. तो सण मी मनातल्या मनात पुढच्या वर्षासाठी राखून ठेवला.

मधे एकदा एका इव्हेंटवाल्याला फोन करून बघितला, निदान चौकशी तरी करावी म्हणून. पॅकेज होतं, एलईडीची चार फुटी अक्षरं, जमिनीवर धूर, दोन बाजूंना कोल्ड फायर, वर ड्रोन. मी म्हटलं राधानगरीकडं कराल का, काजव्यांच्या दिवसात. तो लगेच म्हणाला करू की मॅडम, जंगलात झाडांना फेअरी लाईट सोडतो, काजव्यांपेक्षा भारी दिसेल. मला खरंच राग आला. काजवे बघायला जायचं आणि तिथं दिवे लावायचे, म्हणजे काजव्यांनी जायचं कुठं?

राधानगरी मला सुचलं ते वहिनीमुळं. तिचं माहेर त्या बाजूचं, तिनं लहानपणी परसात बसून काजवे बघितलेत. मे संपत आला, वळवाचे एकदोन दणके बसले की तिथल्या झाडांवर काजवे यायला लागतात आणि मोठा पाऊस लागला की संपतात. म्हणजे सगळे मिळून काही आठवड्यांचा खेळ. आता त्या दिवसात तिथं काजवा महोत्सव भरतो, लोक कोल्हापूर, सांगलीहून येतात. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीचं नाव जास्त आहे, पण आपल्या दारात असताना तिकडं कशाला जायचं. आणि राधानगरी म्हणजे काय साधं जंगल नाही, राज्यातलं पहिलं अभयारण्य, १९५८ सालचं, गव्यांचं. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ ला जागतिक वारसा म्हणून जाहीर झाल्या त्यात राधानगरी आहे.

तारीख काढायला मात्र खरी कसरत झाली. काजवे बघायचे तर अंधार पाहिजे, म्हणजे अमावस्येच्या आसपास. पौर्णिमेच्या आगंमागं गेलात तर चांदण्यात अर्धी मजा जाते. मी कालनिर्णय घेऊन बसले, वैशाखातली अमावस्या रविवारी आली होती, सोमवारी त्याची सुट्टी, मी रजा टाकली, सगळं जमलं म्हणून वहिनीला सांगायला गेले तर ती म्हणाली, "अगं अमावस्येला कुणी लग्नाचं बोलतं का?" मी असलं फार मानत नाही. पण त्याची आई मानते, आणि उद्या कधीतरी तिनं विचारलं की कुठल्या दिवशी ठरलं, तर मला तोंड फिरवून उत्तर द्यायचं नव्हतं. अमावस्या रविवारी रात्री उशिरा संपत होती. म्हणजे काजवे अमावस्येला आणि प्रश्न प्रतिपदेच्या सकाळी. यामुळं एक बरंच झालं, कारण अंधारात त्याचा चेहरा दिसला नसता, आणि काजव्यांजवळ बोलायचंच नसतं. तारीख ठरली आणि जागेचं कोडंही त्यातच सुटलं.

दोघंच जाणं शक्य नव्हतं, मैत्रीण आणि तिचा नवरा बरोबर. गाडी दादाची. दादाला का जातोय ते माहीत होतं, त्यानं फक्त एवढंच विचारलं, टायरमधली हवा बघितलीस का. रंकाळ्यावरून पुईखडी, हळदी, भोगावती करत राधानगरी, साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. हळदीच्या पुढं वळीव गाठला, काचेवर गारा वाजल्या, मातीचा वास सुटला, मैत्रीण म्हणाली आता बघा, आज फुलणार.

संध्याकाळी गावातले एक मामा बरोबर आले. त्यांनी निघायच्या आधीच सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, गाडीचे दिवे इथंच बंद, मोबाईल खिशात, फ्लॅश मारलेला दिसला तर मी परत फिरणार. बॅटरी एकच, त्यांच्याकडं, तिच्यावर लाल जिलेटीनचा कागद बांधलेला. अंगभर कपडे, गडद रंगाचे, सेंट आणि डासांचा स्प्रे नको. मला तो माणूस तिथंच आवडला. आमच्या मागून दुसरा एक ग्रुप आला, त्यांच्यातल्या एकानं फोनची बॅटरी झाडावर मारली, आणि ज्या झाडावर नुसता लखलखाट होता ते अर्ध्या मिनिटात विझल्यागत झालं. मामा त्याला ओरडले नाहीत, जवळ जाऊन हळू आवाजात समजावलं की ही चमक म्हणजे नर मादीला घालतोय ती साद आहे, मादी खालून गवतातून उलटी चमक देते, तुमच्या उजेडात दोघांना एकमेकांची दिसत नाही, आणि यांच्याकडं वेळ नसतो. खरंच नसतो. अळी म्हणून काजवा महिनोन्‌महिने मातीत, पाल्यात काढतो, गोगलगायी खाऊन जगतो, आणि पंख फुटल्यावर हातात राहतात दोनतीन आठवडे, त्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. पोटातल्या ल्युसिफेरिन नावाच्या रसायनाला हवेतला ऑक्सिजन मिळाला की उजेड पडतो, आणि त्यात उष्णता जवळपास नसतेच, आपल्या बल्बसारखी वाया जात नाही.

आम्ही एका मोठ्या बेहड्यापाशी उभे राहिलो. आधी इकडं चार, तिकडं दहा. मग डोळे सरावले तसं अख्खं झाड. आणि थोड्या वेळानं ते एका तालात व्हायला लागले, सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे, एक झाड झालं की पलीकडचं जांभळाचं झाड. याचं वर्णन मला नीट जमणार नाही, जाऊन बघा. कुणी काही बोलत नव्हतं. तो माझ्या शेजारी होता, त्याचा हात माझ्या हातात होता, आणि मला वाटलं होतं की त्या क्षणी राहवणार नाही, तोंडातून निघून जाईल. पण तसं काही झालं नाही. उलट मन शांत होतं, घाई नव्हती, आणि उद्या विचारायचंय हे माहीत असल्यामुळं मला ते झाड पुरतं बघता आलं. परत येताना त्यानं मामांना अळ्या पानाखाली कुठं असतात, औषध फवारलेल्या शेतात का दिसत नाहीत असलं विचारून विचारून पुरतं भंडावलं. हा असाच आहे.

सकाळी मैत्रीण आणि तिचा नवरा मुद्दाम उशिरा उठले. आम्ही दोघं धरणाच्या बाजूला चालत गेलो, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, मे अखेरीला पाणी बरंच उतरलेलं असतं, काठाची लाल माती उघडी पडलेली. वाटेत एक मावशी पळसाच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं विकत होत्या. दोन द्रोण घेऊन एका दगडावर बसलो. आजूबाजूला लांबवर गुरं, बाकी कोणी नाही. गुडघ्यावर वगैरे मी बसले नाही, अंगठी पण नव्हती. मी एवढंच म्हटलं, "घरात सांगूया का आता? मला तुझ्याशी लग्न करायचंय. तुला करायचंय का ते मला खरं खरं सांग, आत्ताच सांगितलं पाहिजे असं नाही."

तो गप्प झाला. हातातलं जांभूळ तसंच. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते, तिथं भीती नव्हती, अवघडलेपण नव्हतं, तो नेहमीसारखा विचार करत होता. मग म्हणाला, "करायचंय. पण तुला हो म्हणायच्या आधी मला आईशी बोलायचंय, बाबा गेल्यापासून तिला न विचारता मी काही ठरवलं नाही. दोन दिवस दे." मला वाईट वाटलं नाही. ही जागा मी त्याला असं बोलता यावं म्हणूनच तर शोधली होती. आम्ही द्रोण संपवले, अजून दोन घेतले मैत्रिणीसाठी.

बुधवारी संध्याकाळी तो फर्स्ट शिफ्ट संपवून घरी न जाता थेट माझ्या ऑफिसखाली आला, कपड्यांना फौंड्रीचा वास तसाच. म्हणाला आईला सगळं सांगितलं, काजव्यांचं पण सांगितलं. आईनं आधी कुठला दिवस होता ते विचारलं. प्रतिपदा म्हटल्यावर मग बाकीचं विचारलं, पोरगी काय करते, घर कुठं, भाऊ किती. शुक्रवारी दोघांनी अंबाबाईला जाऊन या आणि तसंच घरी घेऊन ये, असं त्यांचं म्हणणं. माझ्या घरी दादानं आणि वहिनीनं आईबाबांना आधीच थोडं थोडं तयार करून ठेवलेलं, त्यामुळं तिकडं फार बोलाचाली झाली नाही, बाबांनी फक्त पत्रिकेचं विचारलं आणि आईनं तो काय जेवतो ते विचारलं.

तुमच्यापैकी कुणी यंदा जाणार असेल तर सोमवार ते गुरुवारच्या मधे जा, शनिवार-रविवारची गाड्यांची रांग लई वाढलीय आणि तिचे दिवे लांबूनसुद्धा झाडांवर पडतात. वनखात्याचे नियम त्या त्या वर्षीचे विचारून घ्या. गावातलाच माणूस बरोबर घ्या, त्याला पैसे द्या, घासाघीस करू नका. आणि विचारायचं असेल तर तिथं सजावट नेऊ नका, ती झाडं त्या काही आठवड्यांपुरती काजव्यांचीच राहू द्या.

साखरपुडा दिवाळीनंतर आहे, लग्न माघात. जूनमध्ये शिवोलीला जायचं नक्की केलंय, नवा जावई म्हणून. २४ जूनला पाऊस पडून विहिरी भरलेल्या असतात आणि त्याला पोहता येत नाही, त्यामुळं दादा त्याला सोमवारी सकाळी सहा वाजता आमच्या मळ्यातल्या विहिरीवर घेऊन जातो, पाठीला डबा बांधून.